तळाचा गारवा

उन्हाळ्यात धरणाचं पाणी फसवं असतं. वर कोमट, अंगावरून मायेनं सरकणारं. आणि दोन पुरुष खोल गेलं की एकाएकी गारव्याचा असा थर लागतो, की छातीतला श्वास जागीच थिजावा. एकाच जलाशयात हे दोन ऋतू शेजारी शेजारी कसे नांदत असतील? नोकरीच्या ठिकाणी टेबलाशी बसलेला असताना अजूनही तो थर माझ्या पायांना लागतो.

संकेश्वरच्या पलीकडच्या त्या धरणाच्या पाण्याखाली आमचं जुनं गाव आहे. मी नव्या गावात जन्मलो, घरातला पहिला पदवीधर झालो. नोकरी लागल्यावर मित्रांच्या नादानं मालवणला स्कूबा डायव्हिंग शिकलो. आई-आप्पा उन्हात राबले म्हणून मला हे जमलं, या कृतज्ञतेनं ते घरी सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एवढं पाण्याखाली जातूस, तर एकदा आपल्या गावात जाऊन ये की रं."

मला एक थोरली बहीण होती, हे त्या दिवशी प्रथमच कळलं. चार महिन्यांची होऊन गेली. तान्ह्या जिवाला आमच्यात पुरतात. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून आईनं घरातला पाटा तिच्यावर ठेवला. पुढं धरण आलं. माणसांनी तुळया, कौलं, देवसुद्धा वर आणले. पाटा तिथंच राहिला. चटणी वाटायला आई जन्मभर शेजारी का जायची, याचं उत्तर असं मिळालं!

"पाटा जाग्यावर हाय का तेवढं बघ," आप्पा म्हणाले. "डावा कोपरा फुटलाय. मारुतीच्या पायरीपासनं मावळतीला बत्तीस पावलं."

काठ नुसता दिसून उपयोगाचा नसतो. तो पाऊल ठेवू देणारा हवा. उसाच्या मळ्यांकडून उतरावं तर गुडघाभर गाळ. खडकाच्या बाजूला कोळ्यांची जाळी, त्यात पाय गुंतायची भीती. उरला जुना गाडीरस्ता, जो अजूनही मुकाट्यानं पाण्यात उतरतो, जणू खाली कुणी वाट पाहत आहे. वारा सुटण्याआधी, सकाळीच, मी तिथून शिरलो. मालवणचा जोडीदार दोर धरून काठावर उभा होता. आई लांब बाभळीखाली बसली होती. "पाठीवर पंप बांधून फवारणीला निघालास व्हय रं?" असं म्हणून आप्पा हसले, पण दोराला त्यांनीही हात घातला होता.

मालवणला समुद्रात मासे दिसायचे. इथं विजेरीच्या उजेडात हिरवट धूर, आणि हात लांब केला तर स्वतःचीच बोटं दिसेनात. गारवा लागला. तळाला टेकलो. कुंपणाचे दगड चाचपत पुढं सरकलो आणि देवळाच्या ढासळलेल्या चौथऱ्यापाशी पायरी शोधू लागलो. तेव्हा आठवलं! ती पायरी नव्या गावात आहे. तिच्यावर बसून तर मी शाळेचे धडे पाठ केले होते. देवाबरोबर देवाची पायरीही वर आली होती. आणि आप्पा इतकी वर्षं मनात तिच्यापासूनच पावलं मोजत होते. नुसत्या अंदाजानं मी मावळतीकडे सरकलो. हाताला लागेल तो दगड चाचपला. कुणाचाच कोपरा फुटलेला नव्हता. प्रत्येक स्पर्शानं गाळ उठत होता, अंधार दाटत होता. टाकीतल्या हवेचा काटा परतायला सांगत होता.

बाहेर आल्यावर म्हणालो, "पायरी आपण वर आणलीया, आप्पा. मोजायचं कुठनं?"

आप्पांचे ओठ हलले. "व्हय की रं... मीच गाडीत घातलीती." मग दोर गुंडाळत ते खाली बसले. गुंडाळून झाला, तरी गुंडाळतच राहिले.

आई उठून आली. पाट्याबद्दल तिनं अवाक्षर विचारलं नाही. पदरानं माझं डोकं पुसता पुसता एवढंच म्हणाली, "खाली लई गार हाय का रं?"

ज्या शिक्षणानं मला खरं बोलायला शिकवलं, ते त्या घटकेला कुठं गेलं? मी म्हणालो, "न्हाय आई. गार वरच हाय. खाली ऊब हाय."

ती काठाशी वाकली आणि तिनं पाण्यात हात घातला. ऊन वर आलं होतं. पाणी कोमट झालं होतं. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं नाही. हात मात्र बराच वेळ तसाच पाण्यात ठेवला.