डोळ्यांभोवतीचं मलम

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

डिंडोलीत आमच्या पुढच्याच खोलीत माझं पार्लर आहे. समोर सुनंदावहिनी राहतात. मूळच्या धुळ्याकडच्या, घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम. वीस वर्षं डोळे बारीक करून खडे लावले, डोळ्यांच्या कोपऱ्यांत सुरकुत्यांची जाळी झाली. लेकीचं, वैशालीचं, लग्न ठरलं तेव्हा म्हणाल्या, "फोटोत ह्या दिसायला नकोत गं."

खरं ते मी सांगितलंही होतं. तिथली कातडी पातळ असते. नंबर तपासून चष्मा लावा, उन्हात डोळे जपा, साधं क्रीम लावा. थोड्या कमी दिसतील, जाणार नाहीत. त्या एवढंसं तोंड करून उठल्या. चौकात नवं पार्लर उघडलं होतं — त्या तिकडे जातील, ही भीती होती का? होती. आणि माझं कौतुक व्हावं, ही हावही.

मी मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणली. स्टेरॉइडची. पार्लरच्या कोर्सला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं — डोळ्यांजवळ कधीच नाही. मी ती क्रीममध्ये कालवली, कोऱ्या डबीत भरली.

पंधरा दिवसांत कातडी उजळली, तुकतुकीत झाली. वहिनी पेढे घेऊन आल्या. आनंदात थेट अहिराणीवरच आल्या, "तुना हातले गुण शे, माय!"

लग्न झालं. मी डबी देणं बंद केलं. आठवड्यात डोळ्यांभोवती लाल झालं, आग व्हायला लागली. त्या पदरानं तोंड झाकून आल्या. मी काय केलं? तीच डबी पुन्हा भरून दिली. बंद करावी तर आग, द्यावी तर — असं दोन वर्षं.

मग त्यांना दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. बाजूने येणारी रिक्षा दिसेना. वैशाली माहेरी आली, त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डोळ्यांतला दाब वाढला होता. चेहऱ्याला काय लावता, असं डॉक्टरांनी विचारलं. वैशाली तडक माझ्या दारात.

"काकू, त्या डबीत काय असतं?"

"कोरफड. बदामाचं तेल."

"एवढंच ना?"

"एवढंच."

तिचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांना तिने तसंच सांगितलं. मग लावायला हरकत नाही, असं ते म्हणाले.

कळतंय ना? डोळ्यांत घालायचे थेंब सुरू झाले, आणि डबीही चालूच राहिली. आणखी पाच महिने. मीच भरून देत होते — कारण बंद केली तर चेहरा लाल होणार, आणि तो चेहरा डॉक्टर बघणार.

उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली. ती परत येत नाही म्हणतात. मग मी मलम हळूहळू पातळ करत थांबवलं. खड्यांचं काम सुटलं. सुरकुत्या आहेत, आधीपेक्षा खोल.

वहिनी अजून माझ्याकडेच येतात. पायरी चुकू नये म्हणून मी हात धरते. परवा खुर्चीत बसून म्हणाल्या, "आमच्या घराण्यातच असेल हे. वैशालीलाही तपासून घ्यायला सांगते."

भुवया कोरायचा दोरा माझ्या दातांत होता. मी मान डोलावली.

त्यांच्या घराण्यात काहीच नाही. जे होतं ते मलमात होतं, आणि ते मी घातलं होतं.