तागडी सर

आटपाडीच्या आमच्या शाळेत इंग्रजीचे सर शब्द शिकवत नसत, तोलत असत. दोन्ही तळहात पुढे धरायचे, एकावर एक शब्द ठेवायचा, दुसऱ्यावर त्याच्याच अर्थाचा दुसरा, आणि डोळे मिटून हात खालीवर करायचे. किराणा दुकानातल्या तराजूवरून आम्ही त्यांचं नाव तागडी सर ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं.

सर मूळचे वाईचे. बोलणं स्वच्छ, सदरा कडक इस्त्रीचा, नोकरी मात्र कच्ची. संस्थेच्या सेक्रेटरीसाहेबांची मर्जी असेल तर जूनमध्ये पुन्हा वर्गावर, नाहीतर वाईची एसटी. एवढी टांगती तलवार डोक्यावर असूनही वर्गात ते राजासारखे वावरायचे.

"थिन म्हणजे बारीक, स्लिम म्हणजेही बारीक. मग दोन शब्द कशाला?" असं विचारून ते थांबायचे. "दुष्काळातली शेळी थिन. तीच बाजारात उभी केली, की विकणाऱ्याच्या तोंडी स्लिम. शब्द कोण, कशासाठी वापरतोय, ते आधी बघा." वर्ग खो खो हसायचा.

एकदा त्यांनी घरच्या माणसांसाठी विशेषणं शोधून आणायला सांगितली. मी मेंढपाळाची पोर. आबांसाठी 'स्ट्राँग' घेऊन गेले. सरांनी मान हलवली. "स्ट्राँग बैलही असतो, सुमन. मेंढरं घेऊन उन्हापावसात घाट उतरणारा माणूस टफ." माझ्या बापाकडे इतकं निरखून तोवर कुणीच पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून सर म्हणतील ती माझी पूर्व दिशा.

मग त्यांनी माझ्यासाठी तागडी धरली. "क्लेव्हर पोराला उत्तर सापडतं. ब्रिलियंट पोरीला प्रश्न सापडतो. तू ब्रिलियंट." मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "आन् हार्डवर्किंग, सर?" सर हसले. "ज्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नसतं, त्याला हार्डवर्किंग म्हणतात. पाठीवर थाप मारायची आणि दाराबाहेर काढायचं."

सातवी संपली आणि पाचगणीच्या एका निवासी शाळेकडून निरोप आला. दुष्काळी भागातल्या एका मुलाला तिथं फुकट शिकवणार होते. आमच्या शाळेतून दोघं गेलो: मी आणि सेक्रेटरीसाहेबांचा विक्रम, ज्याच्या बापाला तिथली फी सहज परवडली असती. सर आम्हाला घेऊन गेले. आबाही मेंढरं भावाच्या हवाली करून, धुतलेला पटका बांधून आले. मला त्या शाळेत जायचंच होतं. नाहीतर दिवाळीनंतर मेंढरांमागं चालायचं, हे घरात ठरलेलंच होतं.

तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हा दोघांना प्रश्न विचारले. मग आमच्यासमोरच सरांना इंग्रजीत विचारलं, ही मुलं कशी आहेत? सरांनी विक्रमकडे पाहिलं. "ब्रिलियंट," ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, "शी इज व्हेरी हार्डवर्किंग." त्यांचे हात पाठीमागे होते. बाईंनी माझ्याकडे बघून गोड हसून मान डोलावली. जागा कुणाची, हे मला तिथंच कळलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मला त्या शब्दाचं वजन कळलंही नसतं. ते मला सरांनीच शिकवलं होतं.

बाहेर आल्यावर आबांनी सरांना वाकून नमस्कार केला. सर गडबडीने पाणी प्यायला गेले.

"काय म्हणलं गं सर तुला?" आबांनी विचारलं.

"कष्टाळू."

आबांचा चेहरा उजळला. "मग खरंच हाय की! विंग्रजीत म्हणलं? लय मोठा माणूस!"

आबा पुढं गावभर सांगत फिरले. विक्रम पाचगणीला गेला. जूनमध्ये सरांची नोकरी पक्की झाली. सरांच्या पोटाची गोष्ट होती, हे मला आज समजतं. पण समजलं म्हणून गिळता येतंच असं नाही.

मेंढरांमागं मात्र मी गेले नाही. "सरांनी कष्टाळू म्हणलेली पोर हाय, तिला घरी बशिवनार न्हाई," असं म्हणून आबांनी मला आटपाडीतच पुढं शिकवलं, मग सांगलीला पाठवलं. तागडी सरांच्या वर्गात मी नंतर कधी हात वर केला नाही, त्यांनीही कधी माझं नाव घेतलं नाही. आज सांगलीतल्या कॉलेजात मीच इंग्रजी शिकवते, आणि दोन शब्दांमधला फरक सांगताना माझेही तळहात आपोआप पुढे येतात. त्याचा मला राग येतो.

सर निवृत्त झाले तेव्हा मी सत्काराला गेले. आबा तोवर वारले होते. सरांनी माझा हात धरून मला पाहुण्यांपुढं उभं केलं. "ही सुमन. माझी सर्वांत ब्रिलियंट विद्यार्थिनी!" मांडवात टाळ्या वाजल्या. सरांचे डोळे भरले होते. एवढी वर्षं सांभाळून ठेवलेला तो शब्द त्यांनी आता दिला होता, आता त्यांचं कुणी काही बिघडवू शकत नव्हतं तेव्हा.

मी हात सोडवून घेतला.

"हार्डवर्किंग म्हणा, सर," मी म्हणाले. "आमच्या आबांना तोच आवडायचा."