देवीकाका आणि दोन पिट्ठू

देवीकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहत, आधी त्याच्या दंडाकडे. लग्नाच्या पंगतीत असोत, एस.टी.त असोत, बाजारात वांगी निवडत असोत, समोरच्याची बाही जरा वर सरकली की त्यांची नजर तिथे गेलीच. देवी टोचल्याच्या खुणा दिसल्या की चेहरा खुलायचा. "हे माह्यं अक्षर हाये," असं म्हणून ते त्या माणसाचा दंड चारचौघांत पकडत आणि त्याचं गाव सांगून मोकळे होत. बायकांच्या बाबतीत हे जमत नसे, म्हणून तिथे नुसतेच मान तिरपी करून पाहत. त्यावरून एकदा देऊळघाटच्या बाजारात मार खाता खाता वाचले होते. वाचवणारीही एक बाईच. "अवो, तो देवीवाला म्हातारा हाये, त्याले काई मेलं समजत नाई," असं ती म्हणाली आणि लोक हसत पांगले.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं त्या काळातली ही गोष्ट. मी बुलढाण्याला देवी टोचणारा म्हणून नोकरीला लागलो आणि मला काम शिकवायला देवीकाकांच्या हाताखाली दिलं. त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण ते मलाही कधी वापरावं लागलं नाही. मी चिखलीच्या मास्तराचा मुलगा, मॅट्रिक पास, पायात बूट. काका चौथी नापास, वहाणा टायरच्या. मला त्यांच्याकडून शिकण्यासारखं काय असणार, हा माझा पहिल्या दिवसाचा विचार. दुसऱ्या दिवशीही तोच होता, हे कबूल केलं पाहिजे.

गावात शिरलं की ते आधी मरीमायच्या दगडापाशी जात, वहाणा काढत आणि लिंबाची डहाळी वाहत. मी विचारलं, "काका, आपण तिचाच रोग हटवायला आलो ना? मग तिलाच नमस्कार?" तर म्हणाले, "तिच्या गावात तिले न इचारता हात घालशीन, तर एक बाई लेकरू पुढं करनार नाई. पह्यला मान तिचा, मंग आपली सुई." मग पाराजवळ बसून ते लेकरांना नाव विचारत. तान्ह्यांनाही विचारत. आई कौतुकाने उत्तर देई, तेवढ्यात टोचून झालेलं असे. लेकरू रडायला सुरुवात करी तेव्हा काका त्याच्या आज्याची चौकशी करत असत.

आठव्या दिवशी ते परत त्याच दारात हजर. टोचल्या जागी फोड उठला की नाही ते पाहायला. उठला असेल तर लस लागली, नसेल उठला तर पुन्हा टोचायचं. पाऊस असो, पाय सुजलेला असो, घरी पाहुणे असोत, आठवा दिवस चुकत नसे. "टोचनं हे अर्धं काम हाये बापू. टोचून तं इंचूबी जाते," असं ते म्हणत. मला ते बापू म्हणत आणि चिडले की बे.

आणि लस. काचेच्या बारीक नळ्यांत ती बर्फातून यायची, आणि खेड्यात नेताना आम्ही त्या नळ्या छोट्या मडक्यात ठेवून वरून ओलं फडकं गुंडाळायचो. काकांचा निम्मा दिवस त्या फडक्यात जायचा. ओढा दिसला की फडकं भिजव, विहीर दिसली की भिजव. सावली बदलली की मडक्याची जागा बदल. "लस म्हंजे बाळंतीन हाये," म्हणायचे. "तिले ऊन नोको, धक्का नोको. वारा चालते." मी मनात म्हणायचो, म्हाताऱ्याला घरी बायको नाही, म्हणून हे लाड.

तोपर्यंत आमचं सामान पत्र्याच्या पेटीत असायचं. खांद्याला पट्टा, आणि चालताना पेटीचा कोपरा मांडीवर आपटत राहायचा. संध्याकाळी मांडी निळी झालेली असे. एके दिवशी कचेरीत दोन पिट्ठू आले. पाठीवर बांधायच्या, दोन पट्ट्यांच्या पिशव्या. कोणीतरी नमुन्याला दिलेल्या. साहेब म्हणाले, तुम्ही दोघं वापरून पाहा, बऱ्या वाटल्या तर सगळ्यांना मागवू. दोन्ही पेटीपुढे फूल वाटाव्यात अशा हलक्या. एक हिरव्या, पातळ, मेणचट कापडाचा. पाठीला असा घट्ट बसायचा की अंगात घातलाय असं वाटावं, आणि वजन म्हणाल तर करंगळीवर तोलावा. दुसरा खाकी, त्याला पाठीकडून बांबूच्या दोन कामट्या आणि मध्ये दोरीची जाळी. तो पाठीपासून चार बोटं लांब राहायचा. हिरव्यापेक्षा पावशेरभर जड. किलो आले होते, पण आमची जीभ अजून शेरातच होती.

काकांनी दोन्ही मला घालायला लावले. मला वळवून, वाकवून, चालवून पाहिलं. पाठ आणि पिट्ठू यांच्यामध्ये तळहात घालून पाहिला. हिरव्यात तो शिरलाच नाही. मग म्हणाले, "तू खाकी घे बापू. हा हिरवा पाठीले चिटकते. अंगाची गरमी सारी मडक्याले लागन. लस शिजन. मी तं मडकं हातातच धरतो."

इथे मला जे वाटलं ते लिहायची आज लाज वाटते, पण ते लिहिण्यासाठीच तर बसलो आहे. मला वाटलं, म्हाताऱ्याला हलका स्वतःला हवाय. गुडघे दुखतात, सांगायची लाज वाटते, म्हणून लसीची थाप मारतोय. मी म्हणालो, "काका, माझी निवड झाली. मी हिरवाच घेतो." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काय समजलो ते त्यांना समजलं असावं, कारण त्यांनी खाकी उचलून स्वतःपाशी ठेवला. नंतर एवढंच म्हणाले, "बरं. मंग मडकं त्यात टाकजो नोको. हातात धरून चालजो." मी हो म्हणालो. दोन दिवस हातात धरलंही. तिसऱ्या दिवशी हात अवघडला. फाल्गुन उजाडला होता आणि ऊन तापायला लागलं होतं. मी मडकं पिट्ठूत टाकलं आणि शीळ घालत निघालो. इतका सुखाचा प्रवास मी त्या नोकरीत त्याआधी केला नव्हता.

डोंगराच्या कडेला पंधरा-वीस घरांची एक वस्ती होती. तिथली सुभद्राबाई आपल्या दोन वर्षांच्या मंदाला टोचू देत नव्हती. मला दोनदा तिने परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा देवीकाका स्वतः माझ्यासोबत आले, तिच्या ओट्यावर तासभर बसले आणि तिच्या माहेरची माणसं एकेक करून आठवत राहिले. तिच्या आईच्या दंडावरची खूणही त्यांचीच निघाली. शेवटी ती म्हणाली, "तुमी म्हनता तं देतो लेकरू. पन माह्या पोरीले काई झालं तं तुमचं नाव घेईन." काका म्हणाले, "घेजो."

त्या दिवशी आमच्याकडच्या नळ्या संपल्या होत्या, म्हणून पुढच्या आठवड्यात मी एकटा गेलो, हिरवा पिट्ठू पाठीवर घेऊन. तीन कोस चाललो होतो. मडकं काढलं तेव्हा फडकं कोरडं होतं आणि मडकं माझ्या पाठीइतकंच कोमट होतं. मला ते हाताला जाणवलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पण परत जायचं, नवी लस आणायची, पुन्हा तीन कोस यायचं? मी मंदाला टोचलं आणि आणखी दोन लेकरांनाही टोचलं.

आठव्या दिवशी मी साखरखेर्ड्याला होतो, मुलगी पाहायला. वडिलांनी दिवस ठरवला होता आणि माझाही विरोध नव्हता. परतल्यावर जाऊ म्हटलं. परतल्यावर इकडची गावं निघाली, तिकडची निघाली. वाटेत एकदा सुभद्राबाईचा दीर भेटला. म्हणाला, "पोरीले तापबी नाई आला भाऊ. हलका हात हाये तुमचा." मी खुश झालो. ताप नाही, म्हणजे फोड उठला नसणार, म्हणजे लस मेलेली होती. एवढं शिकवलेलं होतं मला. तरी मी खुश झालो.

चैत्रात त्या वस्तीत देवी आल्या. कुठल्याशा पाहुण्याबरोबर आल्या. ज्यांना काकांनी पूर्वी टोचलं होतं त्यांना काही झालं नाही. माझी तिन्ही लेकरं पडली. दोघं चेहऱ्यावर डाग घेऊन उठली. मंदा वाचली, पण तिचा डावा डोळा गेला.

साहेबांनी आम्हा दोघांना उभं केलं. मी तोंड उघडायच्या आत काका बोलले. "लस म्याच देल्ली होती याले. फडकं ओलं ठेवाचं म्या भुललो. पोराची काई चूक नाई." मी पायाकडे पाहत राहिलो. तेव्हा बोललो असतो, तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

काका तेवढ्यावर थांबले नाहीत. भर दुपारी वस्तीवर गेले, मला मागे घेऊन. सुभद्राबाई दारात आली. मंदा तिच्या कडेवर, डोळ्यावर फडकं बांधलेलं. काकांनी तिलाही तेच सांगितलं. तिने शिवी दिली नाही, ती रडलीही नाही. "तुमच्या सबदावर म्या पोरगी देल्ली होती," एवढंच म्हणाली. काका उन्हात उभे होते, ओठ फुटलेले. ते म्हणाले, "थोडं पानी दे वं माय." ती म्हणाली, "या घरचं पानी तुमाले नाई." त्यांनी मान हलवली, जणू ते बरोबरच आहे, आणि वळले. मला ती काहीच बोलली नाही.

वाटेत मी म्हणालो, "काका, मी जाऊन सांगतो तिला. साहेबांनाही सांगतो." ते थांबले नाहीत. चालता चालता म्हणाले, "काय सांगशीन बे? माह्ये दोन वर्सं राह्यले. तुले अजून तीस वर्सं याच दारात याचं हाये. उद्या या बायांनी तुले दारात उभं नाई केलं, तं त्यायच्या लेकरांले टोचन कोन?" थोडं पुढे जाऊन म्हणाले, "तोंड एकाचंच काळं कराचं असन तं जुन्याचं कराव." मला ते पटलं. मला पटायला हवंच होतं, माझं लग्न ठरलं होतं.

काकांचं फिरणं बंद करून त्यांना कचेरीत सुया उकळायला बसवलं. चाळीस गावं पायाखाली घातलेला माणूस स्टोव्हजवळच्या स्टुलावर बसला. माझ्या लग्नाला ते आले. नव्या नवरीच्या दंडाकडे मान तिरपी करून पाहिलं आणि मला म्हणाले, "पक्की खून हाये. कोनाची हाये मालूम नाई, पन पक्की हाये." मांडवातले सगळे हसले. मीही हसलो. निवृत्त झाले त्या दिवशी एस.टी. स्टँडवर पोचवायला मी एकटाच होतो. खिडकीतून म्हणाले, "आठवा दिवस चुकू नोको." मी म्हटलं, "नाही काका." ते मी पाळलं, पुढची सगळी वर्षं. खाकी पिट्ठूही मीच वापरला, फाटेपर्यंत. त्याने मंदाचा डोळा परत आला नाही.

आणि सुभद्राबाई? तिने मला कधी दारातून परत पाठवलं नाही. वस्तीत गेलो की ती चहा टाकायची. "भाऊ, बसा जरासे," म्हणायची. मंदा मला मामा म्हणायची आणि एका डोळ्याने माझ्याकडे पाहून हसायची. काकांचं नाव निघालं की सुभद्राबाई पदराने तोंड पुसायची आणि म्हणायची, "त्याचं नाव नोको घेऊ." मी चहा प्यायचो. किती कप प्यायलो असेन त्या ओट्यावर!

काका गेल्याचं मला अमडापूरच्या बाजारात एकाकडून कळलं. पुतण्याच्या घरी वारले होते. मी दोन दिवस जेवलो नाही आणि तिसऱ्या दिवशी वस्तीवर गेलो. मनाशी ठरवलं होतं, आता सगळं सांगायचं. आता मला कोणी अडवणार नव्हतं. ती मला बोल लावेल, कदाचित हाकलूनही देईल, आणि ते बरंच होईल, असं वाटत होतं.

मंदा शेतात गेली होती. सुभद्राबाई ओट्यावर सुपात ज्वारी पाखडत होती. मी चहा नको म्हटलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पिट्ठू, कोमट मडकं, चुकवलेला आठवा दिवस, काकांचं खोटं. तिचे हात थांबले. तिने एकच विचारलं, "आठव्या दिवशी तुमी काऊन नाई आले?"

"मुलगी पाहायला गेलो होतो."

तिने सूप खाली ठेवलं. मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्या आल्या नाहीत.

"चैताच्या उन्हात त्या म्हाताऱ्यानं मले पानी मांगलं होतं," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. "तुमी इतके वर्सं नाई सांगतलं, मंग आज काऊन सांगतलं भाऊ? आता मी ते पानी कोनाले नेऊन देऊ?"