हरवलेली मांदेली

बोईसरला आमच्या सोसायटीत कुठल्याही मुलाचा वाढदिवस असला की गाण्याला तेच काका येतात. स्कूटरवर पायांशी पेटी, हेल्मेटवर चिकटवलेले बेडकाचे डोळे. प्रत्येक वाक्य दोनदा बोलतात, जणू समोर मुलंच बसलीयत. "पाणी द्या वैनी, पाणी द्या वैनी."

त्यांचं हुकमी गाणं हरवलेल्या मांदेलीचं. एवढीशी मासळी जाळं चुकवून आईकडे पोचते आणि आमची मुलं टाळ्या पिटतात. एकदा मात्र ते हेच गाणं माझ्या माहेरी, कोळीवाड्यात गायले. एकही टाळी पडली नाही. पुढे बसलेल्या माझ्या भाचीने विचारलं, "मंग आमच्या बाबाला काय गावलं?"

काकांनी पेटी थांबवली, विचार केला आणि मांदेलीला मागे फिरवून जाळ्यात घातलं. पोरं नाचायला लागली.

तेव्हापासून कार्यक्रमाआधी ते घरच्यांना बाजूला घेऊन विचारतात, "सोडायची का धरायची? सोडायची का धरायची?"

यंदा माझ्या मुलीच्या वाढदिवसाला सोसायटीची मुलं होती आणि माहेरचीही. गाण्यात जाळं पडलं तशी अर्धी मुलं "छोड दो" ओरडायला लागली, अर्धी "धर, धर". काका घामाघूम झाले. शेवटी त्यांनी सूर लावला, "मांदेली म्हणाली, आधी केक कापा."

जेवताना मी त्यांना तळलेल्या मांदेल्या वाढायला गेले. त्यांनी ताटावर आडवा हात धरला.

"नको वैनी, नको वैनी. ओळख हाय."