रुपीबाईच्या हातची आंघोळ

आमच्या गावात लेकरू जन्मलं की पहिला निरोप रुपीबाईले. पाय लांब करून पाटावर बसे, पिंढऱ्यांवर लेकरू आडवं घे आणि डाळीचं पीठ लावून असं रगडे, की लेकरू आधी गाव डोक्यावर घेई आणि मग दुपारपर्यंत डाराडूर झोपे. माही नातही तिच्याच हाती देल्ली. सून प्रेरणा घाबरे, "आई, पाणी लय कढत हाय." मी म्हणो, "तू गप. तुह्या नवऱ्यालेही तिनंच न्हाऊ घातलं."

त्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला. दिवाळीनंतर वेचणीच राह्यली नाही, तं रुपीबाईची चूल या आंघोळींवरच पेटे. आणि नेमक्या त्याच थंडीत नातीच्या गालावर, कोपराच्या आतून लाल चट्टे उठले. कातडी खरखरीत, पोरगी सारखी गाल घासे माह्या पातळाले. रुपीबाईनं पीठ वाढवलं, पाण्यात कडुनिंबाचा पाला उकळला. चट्टे अजून भडकले.

शेजारची धनीबाई नळावर बोलली, "रुपीच्या हातालेच खरूज हाय, तेच लागलं." झालं! दोन घरांनी रुपीबाईले येऊ नको म्हटलं. तिचे हात खरंच फाटले होते, बोटं लालबुंद. दुसऱ्या दिवशी आली, पण अंगणातच उभी.

"ताई, आजपासून मी नाही. माह्या हाताचं लेकराले लागलं."

माहं डोकंच फिरलं. "धनीबाई कधीपासून डॉक्टर झाली व? बस ऑटोत!" प्रेरणा, लेकरू न् रुपीबाई, तिघींलेही बाभुळगावच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईनं लेकरू पाह्यलं, मग रुपीबाईचे हात, बोटांच्या बेचक्यासुद्धा. "खरूज नाही ही. दोघींचीही कातडी कोरडी पडली आहे. एकीचं दुसरीला लागत नाही." मग माह्याकडं वळली. पीठ बंद, पाला बंद. पाणी कोमट, आंघोळ झटपट. अंग पुसायचं नाही, टिपायचं, आणि ओलसर असतानाच मलम लावायचं. स्वेटरच्या आत सुती झबलं. चट्ट्यातून पाणी सुटलं तर लगेच यायचं.

"पण रगडल्याबिगर मळ कसा निघन?" रुपीबाईनं विचारलंच.

"एवढ्याशा जिवाला कसला मळ, मावशी? आणि तुमचे हात दिवसभर गरम पाण्यात. तुम्हीही टिपून हेच लावत जा."

पुढं चट्टे गेले, ती दोन्ही घरंही परत बोलावू लागली, पण ते मागून. हे सांगणं दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्याच सकाळचं. मी मुद्दाम हाक मारली, "ये धनीबाई, पाह्य कशी आंघोळ घालते ते!" ती कुंपणापाशी येऊन उभी राह्यली. रुपीबाई पाटावर बसली, पण लेकराले हात लावेना. प्रेरणानंच उचलून लेकरू तिच्या पायावर ठेवलं. पीठ नाही, रगडणं नाही; बिचारीले हातांचं काय करावं तेच सुचेना. कसंबसं पाणी घातलं, टिपलं, मलम लावलं. पोरगी न रडता झोपून गेली.

मग प्रेरणानं तेच मलम घेतलं आणि रुपीबाईचा हात धरला. तिनं झटकन मागं घेतला. "राहू दे माय, लेकराचं हाय ते."

"आणा इकडं." एकेक बोट धरून प्रेरणानं सावकाश चोळलं. रुपीबाई खाली मान घालून पाहत राह्यली.

"साऱ्या गावची लेकरं चोळली व मी," ती म्हणाली, "माहे हात कोणीच नाही."

आणि मग ती अशी ओक्साबोक्शी रडली, की झोपलेली पोरगी जागी झाली.