भट्टी तिकडं, गारवा इकडं

विट्याजवळच्या माळावर धोंडुबाईचं नवं घर आहे, आणि भर वैशाखात ती त्या घरात घोंगडं पांघरून बसायची. ऐकणाऱ्याला हसू येईल. पण दोष तिचा नव्हता. दोष मायेचा होता, आणि मायेपुढं शहाणपण चालत नाही.

तिचा अर्जुना मदुराईत गलाईचं दुकान चालवतो. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम, दिवसभर बसणं भट्टीशी. त्यानं आईच्या खोलीत एसी बसवला आणि त्याचा सगळा कारभार आपल्या फोनमधल्या एआय मदतनीसाकडं सोपवला. भट्टीपुढं जीव कासावीस झाला की त्याला वाटायचं, आईलाही असंच उकडत असणार. लगेच तो मदतनीसाला सांगायचा आणि इकडं भिंतीवरची, एसीचं तापमान ठरवणारी डबी गोड आवाजात बोलायची, “अर्जुना यांच्या सांगण्यावरून खोली गार करत आहे.” आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

धोंडुबाईनं डबीची बटणं दाबून पाहिली. डबी दाद देईना. जन्मभर शेकडो मेंढरं जिच्या एका हाकेवर वळली, त्या बाईचं तिच्याच घरातली भिंत ऐकत नव्हती. गुडघे आखडले, खोकला लागला. तरी लेकाचा फोन आला की म्हणायची, “लय झ्याक हाय रं.”

लेक सोनिया माहेरी आली ती हा अवतार बघून कपाळाला हात लावून बसली.

“आये, गारठून मरायचं हाय का? सांगितलं का न्हाईस त्याला?”

तिनं आईचा फोन घेतला. डबीचं खातं धोंडुबाईच्याच नावानं उघडलेलं निघालं. मालकीण तीच होती, फक्त तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. “आता ह्या मदतनीसाला घराभाईर काढते,” सोनिया म्हणाली.

धोंडुबाईनं तिचं मनगट धरलं. “नगं. मग त्याला कवा उकडतंय, ते मला कसं कळायचं?”

सोनियानं फोन मांडीवर ठेवला.

“फोनवर सांगतोय व्हय त्यो? इचारलं की म्हणतोय, बरा हाय. ही डबी बोलली की मला कळतं, लेकरू भट्टीपुढं भाजतंय.”

दोघं मायलेक एकमेकांना बरं आहे म्हणून फसवत होती, आणि खरं काय ते एकट्या डबीला ठाऊक होतं. सोनियाला रागही आला आणि भरूनही आलं. शेवटी तिनं मदतनीसाकडून तापमान बदलायचा अधिकार काढून घेतला आणि विचारायचा तेवढा ठेवला. धोंडुबाईनं हो म्हटल्याशिवाय आता खोलीत काही बदलणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबी बोलली, “अर्जुना यांना खोली गार करायची आहे. करू का?”

“नगं,” धोंडुबाई म्हणाली, आणि तिनं स्वतः फोन लावला.

“अर्जुना, भट्टीपासनं ऊठ. सावलीला बस. पाणी पी.”

पलीकडं भट्टीचा आवाज घुमत होता. “आये, तुला कसं कळलं मला उकडतंय?”

“आदी ऊठ,” ती म्हणाली. पलीकडं माठावरचं झाकण वाजेपर्यंत तिनं फोन कानाला धरून ठेवला.