आधी फोन उचला

बारामतीच्या मोबाईल दुकानातला तो माणूस कॅमेरा, मेमरी काही सांगत नाही. आधी विचारतो, "वापरणार कोण?"

मी हॉस्टेलला निघण्याआधी आईला सोबत नेऊन तिच्यासाठी फोन घ्यायला गेलो. त्याने तिचं सिम टाकून फोन तिच्या हातात दिला आणि स्वतःच्या फोनवरून रिंग दिली. खुरपून चिरा पडलेलं बोट ती काचेवर घासत राहिली, पण फोन उचलला जाईना. मी हात पुढे केला.

"तू न्हाय," दुकानदाराने मला अडवलं. "तू गेल्यावर कोण उचलंल?"

त्याने दुसरा फोन दिला, तोही वाजून थांबला. आमच्या ऐपतीतला आता एकच उरला होता. तो वाजला. आईने श्वास रोखून बोट ओढलं. फोन उचलला गेला.

दुकानदाराने आमच्याकडे पाठ केली आणि आपल्या फोनमध्ये हळूच विचारलं, "आई, जेवलीस का?"

"व्हय बाळा," आई म्हणाली. "तू?"